“आमच्या कामगारांनाच ही वेतनपद्धत हवी आहे” असे कंपनी म्हणते, तेव्हा त्यावर विश्वास ठेवावा का?

असे विधान खोटेच असते असे नाही. पण कामगारांना नेमके काय विचारले होते, हे कळेपर्यंत मी ते पुरावा म्हणून धरत नाही. काही वर्षे मी एका कंपनीच्या मनुष्यबळ विभागात होतो आणि अशा एका पाहणीची प्रश्नावली आमच्याच टेबलावर तयार झाली. “कामगिरीनुसार प्रोत्साहन भत्ता आवडेल, की सध्याचेच वेतन पुढे चालू राहावे?” असा प्रश्न होता. मूळ पगारात वाढ हा तिसरा पर्याय पहिल्या मसुद्यात होता, तो वरून गाळला गेला. “नाव लिहू नये” अशी सूचना असलेल्या त्या कागदाच्या कोपऱ्यात कर्मचारी क्रमांक मात्र छापलेला होता. बहुतेकांनी भत्त्यावर खूण केली, आणि निवेदनात आले की कर्मचाऱ्यांना निश्चित पगारापेक्षा कामगिरीवर आधारित वेतन अधिक पसंत आहे. आकडा खरा होता. निष्कर्ष त्यातून निघत नव्हता.

अमेरिकेतील डोअरडॅश या घरपोच खाद्यसेवेचे उदाहरण पाहा. तिथे प्रत्येक ऑर्डरमागे किमान रकमेची हमी असे. हमी 7 डॉलरची आणि ग्राहकाची टिप 3 डॉलरची असली, तर कंपनी स्वतःचे 4 डॉलरच घाली. म्हणजे त्या टिपेने कंपनीचाच खर्च वाचे. “हमी हवी का?” असे विचारल्यावर नको कोण म्हणेल? टिपेचा हिशेब उलगडून विचारले असते, तर उत्तर वेगळे आले असते असे मला वाटते. टीका वाढल्यावर 2019 मध्ये कंपनीने ही पद्धत बदलण्याचे जाहीर केले आणि 2020 मध्ये वॉशिंग्टन डीसीच्या अॅटर्नी जनरलने केलेला दावा 25 लाख डॉलर देऊन मिटवला.

काहींना उक्ते काम, म्हणजे जितके काम तितके पैसे, मनापासून आवडते, हेही खरे. ज्याचा हात भरभर चालतो त्याला ते परवडते आणि तोच टिकून राहतो. ज्यांना परवडले नाही ते सोडून गेलेले असतात, त्यामुळे पाहणीत त्यांचे मत येतच नाही. म्हणून निवेदनातल्या टक्केवारीपेक्षा मी मूळ प्रश्नावली मागतो, आणि त्या वर्षी किती जण काम सोडून गेले तेही विचारतो.