वाचकांचे प्रश्न : पेपरात जाहिरात, पोस्टात दुकान

मागच्या अंकात जुन्या मासिकांवर लिहिताना मी सहज म्हणून गेलो की त्यातल्या मजकुरापेक्षा जाहिरातीच जास्त वाचनीय असतात, तर त्यावर एवढी पत्रं आली की यावेळचा सगळा कॉलम त्यांनाच देतोय. एकसारखे प्रश्न एकत्र केलेत, रागावू नका.

प्रश्न : माळ्यावर पणजोबांच्या ट्रंकेत जुन्या मासिकांचे सुटे कागद सापडले, १९१२-१३ सालचे असावेत. तेल, गोळ्या, घड्याळं, पुस्तकं, वाट्टेल ते विकायला आहे आणि जवळपास प्रत्येकाखाली 'व्ही.पी.ने मागवावे, टपालहशील निराळे'. म्हणजे नक्की काय? कोकणातल्या खेड्यात बसून मुंबईचं तेल खरंच मिळायचं का हो? (एक वाचक, चिपळूण)

मिळायचं की! हशील म्हणजे आकार, कर. टपालहशील निराळे म्हणजे पोस्टाचा खर्च तुमच्या डोक्यावर, आजच्या 'डिलिव्हरी चार्जेस एक्स्ट्रा'सारखंच, आणि तेव्हाही ते शेवटी बारीक टायपातच असायचं.

व्ही.पी. म्हणजे व्हॅल्यू पेएबल. आपल्याकडच्या पोस्टाने ही सोय १८७७ साली सुरू केली आणि दोन वर्षांनी, १८७९ ला पाव आण्याचं पोस्टकार्ड आलं, आणि माझं तर म्हणणं आहे की पेपरातल्या जाहिरातींचा धंदा खरा या दोन गोष्टींवर उभा राहिला, जाहिरात लिहिणाऱ्याच्या अकलेवर नाही. म्हणजे बघा, पणजोबांनी एक कार्ड टाकायचं, 'अमुक तेलाच्या दोन बाटल्या पाठवाव्यात', दुकानदार पार्सल बांधून पोस्टात देणार, किती रुपये वसूल करायचे ते त्यावर लिहिणार, पोस्टमन दारात येऊन पैसे मोजून घेणार, मग पार्सल हातात, आणि ते पैसे मनीऑर्डरने दुकानदाराकडे परत. कॅश ऑन डिलिव्हरी हा शोध काही आत्ताच्या मोबाइलवाल्यांनी लावलेला नाही. दुकानदाराला गावोगाव शाखा नकोत, एजंट नकोत, गिरगावात एक खोली आणि पेपरात चार ओळी एवढ्यावर तो सगळ्या मुलखात दुकान मांडून बसला, कारण दुकान पोस्टातच होतं!

यात मेख एक होती, पैसे दिल्याशिवाय पार्सल फोडता यायचं नाही. ढेकूण मारायचं यंत्र मागवलं आणि आतून दोन लाकडी ठोकळे निघाले, सोबत चिठ्ठी, 'ढेकूण यावर ठेवा, दुसऱ्याने हाणा', हा जोक तुम्ही ऐकला असेलच. तो याच मेखेवर चपखल बसतो. पण उलटी बाजू पण बघा, लोक कार्ड टाकायचे आणि पार्सल आलं की 'आम्ही नाही मागवलं' म्हणून परत पाठवायचे, जाण्यायेण्याचा भुर्दंड दुकानदाराला. म्हणून मग 'काही रक्कम आगाऊ पाठवावी', 'नाव, गाव, पोस्ट, तालुका, जिल्हा स्पष्ट अक्षरांत लिहावा' अशा सूचना यायच्या. दोघांचाही एकमेकांवर काडीचा विश्वास नाही आणि मधे खाकी कपड्यातला एक माणूस, ज्याच्यावर दोघांचा आहे.

अजून एक, १९११ च्या जनगणनेत हिंदुस्थानात शंभरातले जेमतेम सहा जण साक्षर होते. म्हणजे पेपर एकाने वाचायचा आणि दहाजणांनी ऐकायचा. त्या जाहिराती इतक्या पाल्हाळिक, समोर बसून समजावल्यासारख्या का असतात ते यावरून थोडं कळतं. एखादी मोठ्याने वाचून बघा, लगेच लक्षात येईल.

प्रश्न : एकच गोळी अशक्तपणा, अपचन, डोकेदुखी, विस्मरण, बायकांचे आजार, सगळ्यावर चालते असं छापलंय. लोक एवढे भोळे होते? आणि त्या गोळ्यांत असायचं काय? (एक निवृत्त फार्मासिस्ट, सांगली)

भोळे म्हणू नका साहेब, आपण व्हॉट्सअ‍ॅपवर कारल्याच्या बियांनी शुगर घालवणारी माणसं. शिवाय काळ बघा. १८९६ ला मुंबईत प्लेग आला तो पुढे वर्षानुवर्षं हटला नाही, १९१८ ला इन्फ्लुएन्झाने घरंच्या घरं रिकामी केली, डॉक्टर तालुक्याला असला तर नशीब. अशा वेळी बारा आण्याला बाटली आणि सोबत कुणा रावसाहेबाचं 'मला गुण आला' असं प्रशस्तिपत्र छापलेलं असेल तर माणूस कार्ड टाकणारच ना.

आत काय असायचं याचं उत्तर विलायतेत मिळतं, कारण तिथे ते कुणीतरी तपासलं. बीचमच्या गोळ्या तुम्हाला माहीत असतील, आपल्याकडेही खपायच्या, 'एका डबीची किंमत गिनीएवढी' अशी त्यांची प्रसिद्ध ओळ. १९०९ साली ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने अशा गुप्त औषधांची रासायनिक तपासणी करून पुस्तकच काढलं, त्यात या गोळ्यांत निघालं काय, तर कोरफडीचा बोळ म्हणजे वाळवलेला रस, सुंठ आणि साबण! ५६ गोळ्यांची डबी एक शिलिंग दीड पेनीला, आणि आतल्या मालाची किंमत अर्धा फार्दिंग. शिलिंग म्हणजे बारा पेनी आणि फार्दिंग म्हणजे पेनीचा चौथा भाग, हिशोब तुम्हीच करा. आता बोळाने पोट साफ होतंच, त्यामुळे 'गुण आला' म्हणणारे खोटं बोलत होते असंही नाही.

अमेरिकेत त्याहून गंमत. लिडिया पिंकहॅमचं बायकांसाठीचं टॉनिक घरोघर असायचं, त्यात साधारण १८ टक्के अल्कोहोल, आणि ते घेणाऱ्यांत दारूबंदीच्या चळवळीतल्या बायकापण होत्या. तिथल्या मासिकांनी हा विषय लावून धरला आणि १९०६ साली कायदा झाला की अल्कोहोल, अफू वगैरे असेल तर लेबलवर लिहा. आपल्याकडे जादूच्या औषधांच्या जाहिरातींना आळा घालणारा कायदा आला तो १९५४ साली. तोवर तुमच्या आजोबांच्या पिढीला रान मोकळं होतं.

मात्र सगळ्यांना एका टोपलीत घालू नका. पनवेलचं धूतपापेश्वर १८७२ चं, ते आजही चालू आहे. आणि अमृतांजन, ते तर आपल्या मुंबईत १८९३ साली काशीनाथुनी नागेश्वरराव या तेलुगू गृहस्थाने सुरू केलं, ते गाण्याच्या बैठकीत फुकट वाटायचे म्हणे. त्या मलमाच्या पैशातून त्यांनी १९०८ साली मुंबईतच 'आंध्र पत्रिका' काढली. एरवी पेपर जाहिरातीवर जगतो, इथे बामने पेपरच जन्माला घातला.

प्रश्न : 'खोटे ठरल्यास ५०० रुपये बक्षीस' असं छापायचे, कुणी कधी मागितलं का ते बक्षीस? (एक वाचक, परभणी)

मागितलं, आणि मिळवलंही, पण लंडनमध्ये. कार्बोलिक स्मोक बॉल नावाचं एक रबरी गोळ्याचं यंत्र होतं, त्यातली पूड नाकात ओढायची. १८९१ साली कंपनीने पेपरात छापलं की हे दिवसातून तीनदा दोन आठवडे वापरूनही इन्फ्लुएन्झा झाला तर १०० पौंड देऊ, आणि आमची दानत बघा म्हणून १००० पौंड बँकेत ठेवलेत. कार्लिल नावाच्या बाईंनी सांगितल्याबरहुकूम वापरलं आणि त्यांना इन्फ्लुएन्झा झाला. कंपनी म्हणाली अहो ती नुसती जाहिरात, ती काय कुणी खरी धरतं का. कोर्ट म्हणालं, बँकेत पैसे ठेवलेत असं तुम्हीच सांगता, मग खरी धरायला नको? द्या पैसे. आपल्याकडे लॉ कॉलेजच्या पहिल्या वर्षाला ही केस अजून शिकवतात, तुमच्या ओळखीतल्या कुठल्याही वकिलाला विचारा, सगळं विसरला असेल पण ही केस आठवत असेल. त्या बाई पुढे वयाच्या ९६ व्या वर्षी, १९४२ ला गेल्या, आणि मरणाच्या कारणांत म्हातारपणासोबत काय नोंदलेलं, तर इन्फ्लुएन्झा.

प्रश्न : 'स्वदेशी वापरा' हे जाहिरातदारांचं देशप्रेम होतं की धंदा? स्पष्ट सांगा. (एक शिक्षिका, कऱ्हाड)

ताई, दोन्ही, आणि ते वेगळं काढता येत नाही हीच तर मजा आहे. १९०५ ला वंगभंग म्हणजे बंगालची फाळणी झाली, पुण्यात विलायती कपड्यांची होळी झाली आणि एका रात्रीत गिऱ्हाइकाच्या मनात एक नवा प्रश्न आला, 'हे कुठलं?' तोवर प्रश्न फक्त 'केवढ्याला?' एवढाच होता. आता ज्याच्याकडे दाखवण्यासारखं उत्तर होतं त्याने ते मोठ्या टायपात छापलं, त्यात गैर काय? बॉम्बे स्वदेशी स्टोअर्स निघालं ते याच लाटेत. अंताजीपंत काळ्यांनी लोकांकडून एकेक पैसा जमवून पैसा फंड उभा केला आणि त्यातून १९०८ ला तळेगावला काचेचा कारखाना निघाला, तिथे तर गिऱ्हाईकच वर्गणीदार. आणि तुमच्याच शेजारचं ओगलेवाडी, १९१६ चा कारखाना, त्यांचा प्रभाकर कंदील पुढे महाराष्ट्रभर गेला, हे मी तुम्हाला काय सांगू.

गोदरेजचं उदाहरण मला सगळ्यात आवडतं. आर्देशर गोदरेज १८९७ पासून लालबागला कुलपं करत होते, त्यात कसब होतं पण भावना नव्हती, कुलूप ते कुलूप. १९१८ च्या सुमारास त्यांनी वनस्पती तेलाचा साबण काढला आणि तिथे मात्र बरोबर नस पकडली, कारण विलायती साबणात चरबी असते ही शंका घराघरात होती, सोवळ्यातल्या माणसांना अंगाला साबण लावायचाच धीर होत नव्हता. म्हणजे 'आपला देश' आणि 'आपला धर्म' दोन्ही एका वडीत! रवींद्रनाथ टागोरांनी सुद्धा या साबणाची शिफारस केली होती. आणि 'नंबर दोन' नावाचा साबण 'नंबर एक'च्या आधी बाजारात का आणला याची गोष्ट सांगतात ती अशी, की दोन नंबरचा इतका चांगला तर एक नंबरचा कसा असेल असं लोकांना वाटावं म्हणून. खरी असो नसो, डोकं आहे.

पण नुसत्या जाहिरातीने सगळं खपत नाही हेही आपल्याकडेच दिसलं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ ला लोखंडी नांगर केला तर शेतकरी म्हणाले लोखंडाने जमीन नासते, विषारी होते. छापून काय उपयोग, ज्याने घ्यायचा तो वाचत नाही आणि जो वाचतो तो नांगरत नाही. शेवटी नांगराने जमीन कशी उलटते ते डोळ्यांनी बघितल्यावर नांगर खपायला लागले. तरी पुढे १९२० ला त्याच घरातून 'किर्लोस्कर खबर' निघालं ते कारखान्याच्या मालाची माहिती द्यायलाच, आणि त्याचं बघता बघता अख्ख्या मराठी घरांनी वाचायचं मासिक झालं.

गांधीजींचं मात्र यावर वेगळंच. जो माणूस देशाला स्वदेशी शिकवत होता त्याने आपल्या 'यंग इंडिया', 'नवजीवन'मध्ये जाहिरातच घेतली नाही, स्वदेशीची पण नाही.

प्रश्न : जुन्या पेपरांच्या पहिल्या पानावर बातम्या का नसायच्या? (एक वाचक, ठाणे)

कारण पहिलं पान हे आवरण समजलं जायचं, त्यावर जाहिराती, बातम्या आत. आणि हे फार जुनं नाही बरं का, चेन्नईच्या 'हिंदू'ने १९५८ ला आणि लंडनच्या 'टाइम्स'ने तर १९६६ ला पहिल्या पानावर बातमी आणली. हल्ली पहिलं पान जाहिरातीने झाकलेलं बघून तुम्ही वैतागता, तुमचे आजोबा नसते वैतागले.

प्रश्न : आजकाल बातमी कुठली आणि जाहिरात कुठली तेच कळत नाही. पूर्वी असला चावटपणा नव्हता ना? (एक वाचक, नागपूर)

काका, होता. आणि फार देखणा होता. कलकत्त्याचे हेमेंद्रमोहन बोस, केसांचं तेल 'कुंतलीन' आणि अत्तर 'देलखोश' विकायचे. १८९६ साली त्यांनी कथास्पर्धा लावली, अट एवढीच की कथेत तेलाचं नि अत्तराचं नाव यायला हवं पण ती जाहिरात आहे असं वाटता कामा नये. पहिलं बक्षीस मिळालं एका कथेला, ज्यात बोटीवरचा माणूस खवळलेल्या समुद्रात कुंतलीनची बाटली ओततो आणि वादळ शमतं. लेखकाने नाव दिलेलं नव्हतं. तो निघाला जगदीशचंद्र बोस, हो तेच, वनस्पतींना संवेदना असतात म्हणणारे शास्त्रज्ञ. बंगालीतल्या सुरुवातीच्या विज्ञानकथांत आज ती धरतात. आता अशा जाहिराती येणार असतील तर मला त्या बातमीच्या जागी पण चालतील.

प्रश्न : (पुन्हा चिपळूणचेच वाचक) हे कागद ठेवू की टाकू? घरचे म्हणतात लेख असता तर ठेवला असता, नुसत्या जाहिराती आहेत.

अहो टाकू नका! लेख कुठेतरी मिळेलच, जाहिराती मिळणार नाहीत, कारण लायब्ररीत वर्षाचे अंक एकत्र बांधताना बाइंडर बऱ्याचदा कव्हर आणि जाहिरातींची पानं काढूनच टाकायचे, जाडी कमी होते म्हणून. म्हणजे तुमच्याकडचीच पानं नेमकी दुर्मीळ. लॅमिनेशन अजिबात करू नका, फाटलं असेल तिथे सेलोटेप लावू नका, तो पिवळा पडून कागद खातो. साध्या कोऱ्या कागदात एकेक पान ठेवा, डांबरगोळी कागदाला टेकवू नका आणि पावसाळ्याआधी सगळ्यांचे फोटो काढून घ्या, मागच्या बाजूचे पण.