श्यानता, घनता आणि पाणिनीचं तूप

प्रश्न असा आलाय की कॅनडातल्या तेलाबद्दल वाचताना 'द्रावण सोडून जड तेलाची घनता कमी करतात' असं वाक्य सापडलं, तर तिथे द्रावण हवं की द्रावक?

द्रावक. विरघळवतं ते द्रावक, विरघळतं ते द्राव्य, दोन्ही मिळून द्रावण, शाळेच्या पुस्तकात आहे, पुढे चला. डोकं फिरतं ते 'घनता' वाचून. अहो, पाऱ्याची घनता पाण्याच्या साडेतेरा पट, तरी पारा कसा सैरावैरा पळतो! तेलाला जड म्हणतात ते घनतेवरून, कबूल, पण ते वर येत नाही ते श्यानतेमुळे, म्हणजे वाहायला नकार देणाऱ्या दाटपणामुळे, इंग्रजीत व्हिस्कॉसिटी. अल्बर्टातल्या अथाबास्काचं बिट्युमेन, म्हणजे डांबरासारखं घट्ट तेल, जमिनीखाली पाण्याच्या दहा लाख पटींहूनही श्यान असू शकतं, विहीर खणा आणि बसा वाट बघत.

आणि श्यान शब्दाची खरी मजा पुढेच आहे. धातू श्यै, 'शीत'सुद्धा त्यातूनच. पाणिनीने स्पर्शाला गार ते शीत आणि थिजलेलं ते शीन अशी वाटणी केली, त्याच्या सूत्रांवरच्या काशिका या टीकेत उदाहरणच आहे 'शीनं घृतम्', थिजलेलं तूप. थंडीने आक्रसलेला विंचू मात्र 'संश्यान'! म्हणून माझं मत, परिभाषावाल्यांनी 'शीनता' घ्यायला हवं होतं, त्यांनी विंचवाचं रूप उचललं. असो. गारठा आणि दाटपणा एकाच घरचे, म्हणूनच तर वाफ सोडून तेल पातळ करतात. ती वाफेची सॅगडी (SAGD) पद्धत रॉजर बटलर या अभियंत्यांची, पण त्यांनीच मोक्रिस यांच्यासोबत १९९१ मध्ये व्हेपेक्स मांडली, पाण्याच्या वाफेऐवजी प्रोपेन-ब्युटेनसारख्या द्रावकाची वाफ वरच्या आडव्या विहिरीतून सोडायची, ती बिट्युमेनमध्ये मुरते आणि पातळ झालेलं तेल खालच्या विहिरीत ओघळतं. इंधन वाचतं, पण मुरणं फारच सावकाश, म्हणून मग पाण्याच्या वाफेतच थोडं द्रावक मिसळायची टूम निघाली, अल्बर्टातल्याच कोल्ड लेकला तसं केलंय (नावातच शीत, बघा!).

आता श्यानतेला 'विष्यंदिता' म्हणणारे. स्यंद म्हणजे वाहणं, पाझरणं, आणि हे लोक न वाहण्याला तो शब्द लावतात, का तर व्हिस्कॉसिटीशी उच्चार जुळतो, मला तरी दुसरं कारण दिसत नाही. द्रावक मुरल्यावर खालच्या विहिरीत जे ठिबकतं त्याला खुशाल विष्यंद म्हणा.