आदेश जातो, पण आवाज हलत नाही

प्रश्न : डेनॉनच्या ऑडिओ रिसीव्हरचा आवाज संगणकावरून सिरियल पोर्टने बदलायचा आहे. ‘एमव्ही४५’ (MV45, म्हणजे आवाज ४५ वर न्या) पाठवतो, पण काहीच होत नाही. केबल नवी आहे.

उत्तर : केबलच्या आधी आदेशाचा शेवट तपासा. प्रत्येक आदेशानंतर कॅरेज रिटर्न, म्हणजे १३ क्रमांकाचा बाइट, जायलाच हवा; तोवर रिसीव्हर आदेश अपुराच समजतो. काही टर्मिनल प्रोग्रॅम एंटर दाबल्यावर नुसता लाइन फीड पाठवतात, घोळ बहुधा तिथेच असतो. अक्षरे रोमन, कॅपिटल. वेग ९६००, ८ डेटा बिट, १ स्टॉप बिट. पॅरिटी आणि फ्लो कंट्रोल नको.

आता ‘एमव्ही?’ पाठवा, म्हणजे सध्याचा आवाज किती ते रिसीव्हर सांगेल. तरीही शांतता असेल, तर केबलच्या एका टोकाला २ आणि ३ क्रमांकाच्या पिनांची अदलाबदल करून पाहा. ५ ही ग्राउंड, तिला हात लावू नका. (पुढेमागे मायक्रोकंट्रोलर वापरणार असाल, तर तो थेट जोडू नका. आरएस-२३२ चे, म्हणजे या सिरियल पोर्टचे, उणे-अधिक व्होल्टेज त्याला जाळू शकते. मध्ये व्होल्टेज जुळवणारी मॅक्स३२३२ चिप हवी.)

आकड्यांची गंमत अशी, की ८० म्हणजे ० डेसिबल, म्हणून तुमचे ४५ म्हणजे उणे ३५. उत्तरात ‘४५५’ आले तर ते साडेपंचेचाळीस! प्रोग्रॅमने ते चारशे पंचावन्न वाचले, की पुढचा हिशेब कोसळतो. कमाल मर्यादा प्रोग्रॅममध्येच घाला, स्पीकर वाचतील. दोन आदेशांत निदान ५० मिलिसेकंद, आणि ‘पीडब्ल्यूऑन’ (PWON) या रिसीव्हर सुरू करण्याच्या आदेशानंतर १ सेकंद थांबा.