वाचकांचे प्रश्न: अ‍ॅक्रोपोराची टोकं पांढरी पडतायत

प्रश्न: घोडबंदर रोडला राहतो, घरी ३०० लिटरचा रीफ टँक (जिवंत प्रवाळांचा खाऱ्या पाण्याचा टँक) आहे. त्यातल्या अ‍ॅक्रोपोराच्या (फांद्यांच्या दगडी प्रवाळाच्या) फांद्यांची टोकं पांढरी पडत चाललीत. अल्कलिनिटी (पाण्यातल्या कार्बोनेटचं माप) ७ डीकेएच (तिचं एकक) येते म्हणून दर रविवारी बफर (ती वाढवणारी पावडर) टाकून ११ वर नेतो, आठवड्यात परत खाली. पाणी किचनच्या आरओचं. लाइट कमी करू का? – एक वाचक, ठाणे

उत्तर: लाइटला हात लावू नका, आधी टोकं नीट बघा. वाढत्या अ‍ॅक्रोपोराचं टोक फिकटच असतं, तिथे नवा सांगाडा बनत असतो. रात्री टँकचा लाइट बंद झाल्यावर तासाभराने टॉर्च मारा, टोकाशी बारीक पॉलिप (प्रवाळाचे फुलासारखे इवलेसे जीव) बाहेर आलेले दिसले तर काळजी नको. पण टिश्यूच (सांगाड्यावरचा जिवंत थरच) नाही, नुसता उघडा दगड आणि त्यावर शेवाळ धरायला लागलंय, तर टोक जळलंय. पांढरेपणा बुडापासून वर सरकत असेल तर मात्र थांबू नका, वरची जिवंत फांदी कापून वेगळी लावा.

मला तरी रविवारचा बफरच नडलेला दिसतोय. हे प्रवाळ कॅल्शियम कार्बोनेटचा सांगाडा रोज बांधतात, म्हणजे अल्कलिनिटी रोज खर्च होते आणि तुम्ही आठवड्याचं एकदम टाकताय. ७ वाईट नाही हो, ८-९ पण चालतं, पण ७ वरून एका दिवसात ११ हा झटका त्यांना सोसत नाही, त्यात पाण्यातली पोषकद्रव्यं, म्हणजे नायट्रेट-फॉस्फेट, शून्याला टेकलेलं असेल तर टोकं हमखास जातात.

आता बफर बंद ठेवून एक दिवस टेस्ट करा, दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला परत करा, जो फरक येईल तो तुमच्या टँकचा रोजचा खर्च, तेवढंच रोज टाकायचं, डोसिंग पंप (ठरलेल्या वेळी मोजून औषध टाकणारा पंप) असेल तर थोडं थोडं करून. वाढवायची असेल तरी दिवसाला १ डीकेएचच्या वर नको. दर १ डीकेएच खर्चाबरोबर साधारण ७ पीपीएम (दहा लाखात ७ भाग) कॅल्शियमही जातं, म्हणून कॅल्शियम ४२० आणि मॅग्नेशियम १३०० च्या आसपास आहे ना तेही बघा. बफर आणि कॅल्शियम एकत्र ओतू नका, पाणी दुधाळ होतं, सगळं वाया.

आणि किचनच्या आरओचं पाणी बंदच करा. बऱ्याच मशीनमध्ये टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलर असतो, तो चवीसाठी आरओतून न गेलेलं पाणी परत मिसळतो. डीआय (उरलेले क्षार काढणारा फिल्टर) लावलेला वेगळा आरओ घ्या, टीडीएस ० आला पाहिजे.

एक कळकळीचं सांगणं, आपल्या समुद्रातले दगडी प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या शेड्यूल १ मध्ये आहेत, ते काढणं-विकणं गुन्हा आहे. नवीन तुकडा घ्यायच्या आधी दुकानदाराकडे कागदपत्रं मागा आणि वनखात्यात विचारून घ्या.

प्रश्न: मे महिन्यात पंख्यावर टँक २७ डिग्रीला राहिला, जूनमध्ये त्याच पंख्यावर ३० झाला, असं कसं? – एक वाचक, खारघर

उत्तर: पंखा पाण्याची वाफ करून थंड करतो, आणि पावसाळ्यात खारघरच्या हवेत इतका दमटपणा असतो की वाफ फारशी होतच नाही. ३० ला दगडी प्रवाळ ब्लीच व्हायला (पांढरे पडायला) लागू शकतात, आतली शैवालं बाहेर टाकतात. चिलर (पाणी थंड करणारं मशीन) घ्या, तोपर्यंत त्या खोलीत एसी लावा. इन्व्हर्टरवर काही एकच चालवता येत असेल तर वेव्हमेकर (पाणी हलवणारा पंप) चालवा, लाइट नाही, कारण टँकचे लाइट बंद राहिले तर प्रवाळ दोन दिवस काढतात, पाणी हललं नाही तर ऑक्सिजनअभावी काही तासांतच वाट लागते.