वही कुठे आहे?

अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा तू दोनशे बारा फोटोंचा पेनड्राइव्ह टेबलावर ठेवलास आणि जिना उतरता उतरता विचारलंस, "काका, यातले चांगले कोणते? आणि नोकरी सोडू का?" असल्या प्रश्नांची उत्तरं जिन्यात देता येत नाहीत, म्हणून हे पत्र.

फोटो सगळे पाहिले. तुला नजर आहे, त्यावर शाई घालवत नाही. नसती तर दोनशे बारा फोटो मी पाहिलेच नसते. अडचण दुसरीच आहे. तांबट आळीतल्या तांब्याच्या हंड्याचे तुझे अकरा फोटो आहेत. सातवा अप्रतिम उतरलाय, बाकीचे दहा पडलेत. सातवा का जमला, असं विचारल्यावर तू म्हणालीस, "लाइट छान होता."

लाइट छान वगैरे नसतो गं. तो कुठून तरी येतो, किती तरी अंतरावरून येतो, कशातून तरी गाळून येतो. सातव्या फोटोत हंड्याच्या पोटात नीट बघ. एक पांढरा चौकोन दिसतोय आणि त्याच्या वरच्या कडेला दोरीची बारीक रेघ. दारात कुणीतरी धोतर वाळत घातलंय. बाहेरचं ऊन त्या धोतरातून गाळून आत आलंय. आठव्या फोटोत धोतर नाही. हंड्यावर पांढरा भाजल्यासारखा पट्टा आहे आणि तांब्याचा रंग गेलाय. पहिल्या तीनांत तर हंड्याच्या पोटात तुझा पिवळा कुर्ता बसलाय. हे सगळं तिथल्या तिथे लिहून ठेवलं असतंस, तर आज तू मला प्रश्न विचारायला आली नसतीस. वही कुठे आहे तुझी?

घासलेल्या भांड्याचा फोटो निघतच नाही, निघतो तो भांड्यात दिसणाऱ्या खोलीचा. तेव्हा धोतर कुणी वाळत घालायची वाट न बघता ते काम आपण करायचं. दोन फूट बाय तीन फूट ट्रेसिंग पेपर लाकडी चौकटीवर ताणून घे आणि भांड्यापासून फूटभर अंतरावर, एका बाजूला उभा कर. त्याच्या मागे दिवा. आता खरी गंमत. दिवा कागदापासून तीन फूट मागे नेलास की सगळा कागद सारखा उजळतो आणि भांडं गुळगुळीत दिसतं. पण तांबट आळीचं भांडं गुळगुळीत दाखवायचं नाही! त्या हातोडीच्या ठोक्यांसाठीच लोक ते घेतात. दिवा कागदापासून फूटभर अंतरावर आण. कागदाच्या मध्यावर एक तेजस्वी गोळा होतो, कडांकडे तो विरत जातो, आणि मठारकामाच्या प्रत्येक खळग्यात एक एक ठिपका पेटतो. आणखी जवळ आणलास की ठिपके करकरीत होऊन डोळ्यात खुपतात. फूट आणि दीड फूट यांच्या मधे कुठेतरी तुझं भांडं बसेल. कुठे बसलं, ते लिहून ठेव. पुढच्या वेळी तांब्याऐवजी पितळ आलं तर निदान सुरुवात कुठून करायची ते कळेल.

मागे पांढरा पडदा असेल तर भांड्याच्या कडा त्यात विरघळतात. दोन्ही बाजूंना, फोटोच्या चौकटीच्या जरा बाहेर, दोन-दोन इंच रुंदीच्या काळ्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या उभ्या कर. कडेला काळी रेघ उमटते आणि घाट सुटा दिसतो. कॅमेरा मागे ने, लांब लेन्स लाव, म्हणजे तुझं प्रतिबिंब लहान होतं. उरलेल्यासाठी काळं कापड, मधोमध लेन्सपुरतं भोक पाडून. तिपाई, सेन्सरची संवेदनशीलता म्हणजे आयएसओ १००, लेन्सचं छिद्र एफ ८ ते एफ ११. शटर काय लागेल ते, भांडं कुठे पळून जात नाही. आणि चिंच-मिठाने घासून, धुऊन, लगेच पुसून घेतल्यावर भांड्याला उघडा हात लावायचा नाही. बोटांचे ठसे डोळ्यांना दिसत नाहीत, मोठा प्रिंट काढला की चांगले दिसतात.

आता वहीत काय लिहायचं. तू म्हणशील, कॅमेरा सगळं टिपतो की. टिपतो: शटर, छिद्र, आयएसओ, लेन्स, वेळ. दिवा किती अंतरावर होता, भिंत कुठल्या रंगाची होती, तुला काय दाखवायचं होतं आणि प्रत्यक्षात काय आलं, हे तो टिपत नाही. एका कामाला एक पान. वर तारीख, जागा आणि कुणासाठी. मधे एक आराखडा: वस्तू म्हणजे गोळा, दिवा म्हणजे फुली, कॅमेरा म्हणजे त्रिकोण, मधल्या रेघांवर फुटांचे आकडे. खाली दोनच ओळी, काय चुकलं आणि का. 'का' येत नसेल तर प्रश्नचिन्ह काढून जागा सोड. महिन्याभराने त्याच पानाशी परत ये. संगणकावर नको, कागदावरच. हात गुलालाने माखलेले असताना वही उघडता येते.

मी इतका हटून का बसलोय? स्वतः शिकणाऱ्याला मास्तर नसतो. नसतो म्हणजे त्याची चूक दुसरं कुणी लक्षात ठेवत नाही. ती वहीने ठेवायची असते. आणि खरं सांगायचं तर माझ्याकडे ट्रंकभर निगेटिव्ह आहेत, त्यांतल्या निम्म्यांवर तारीख नाही. कुठला गणपती, कुठलं वर्ष, रथापुढे ढोल वाजवणारी मुलं कोण, मला सांगता येत नाही. आळस होता, दुसरं काही नाही. तेव्हा वाटायचं, लक्षात राहील.

मोठ्यांचंही राहत नाही. अमेरिकेतले छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स पियानो शिकलेले, कॅमेरा मात्र बव्हंशी स्वतःच शिकले. हर्नांडेझ गावावर उगवलेल्या चंद्राचा त्यांचा फोटो जगभर गेला. त्या संध्याकाळी प्रकाशमापक सापडेना, तेव्हा चंद्राची उजळी किती असते हे पाठ होतं त्यावरून त्यांनी हिशेब केला. एक सेकंद, एफ ३२. एवढा शिस्तीचा माणूस, पण तारीख लिहिली नाही! पुढे ते स्वतःच वेगवेगळी वर्षं सांगत राहिले. शेवटी खगोल जाणणाऱ्यांनी चंद्राच्या जागेवरून गणित मांडलं. एका गणिताने ३१ ऑक्टोबर १९४१ आलं, ते नंतर दुरुस्त झालं आणि १ नोव्हेंबर १९४१, दुपारचे ४ वाजून ४९ मिनिटं ठरली. त्यांच्यासाठी खगोलतज्ज्ञ बसले. तुझ्या-माझ्यासाठी कोण बसणार आहे?

असो. येत्या आठवड्याचं काम देतो. एक स्टीलचा पेला, एक खिडकी, छत्तीस फोटो. पेला खिडकीपासून एक फुटावर, मग दोन, मग चार. दर ठिकाणी एक्स्पोजर मोज. दिवा लहान असेल तर अंतर दुप्पट केल्यावर प्रकाश एक चतुर्थांश होतो, म्हणजे दोन स्टॉप जातात (एक स्टॉप गेला की प्रकाश निम्मा). खिडकी मोठी आहे, त्यामुळे जवळच्या अंतरात एवढी घट होणार नाही. किती होते ते मोजून लिही. हा एकच आकडा आपल्या हाताने काढलेल्या माणसाला लग्नात नवरीला खिडकीपासून कुठे बसवायचं हे विचारावं लागत नाही. भर उन्हात आयएसओ १००, शटर १/१२५, छिद्र एफ १६, हे तुला पाठ आहे. पण तो पाठांतराचा आकडा झाला. मी तुझा स्वतःचा आकडा मागतोय.

तुझ्या नाटकाच्या फोटोंवर आडवे काळपट पट्टे आलेत, आणि तू कॅमेरा बिघडला म्हणून दुरुस्तीला टाकायला निघालीस. कॅमेरा ठणठणीत आहे. आपली वीज सेकंदाला ५० सायकलची, त्यामुळे स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला शंभर वेळा उजळतात आणि मंदावतात. तू १/५०० सेकंदाच्या शटरवर होतीस, वर आवाज नको म्हणून इलेक्ट्रॉनिक शटर. सेन्सर ओळीओळीने वाचला जातो, काही ओळींच्या वाट्याला उजेड येतो, काहींच्या वाट्याला अंधार. मेकॅनिकल शटर लाव, १/१०० किंवा १/५० वर ये आणि नट थबकतो तो क्षण धर. ते अवघड जातं, माहीत आहे. नाट्यगृहाचं नाव, दिवे कुठले, कुठल्या शटरला पट्टे गेले, एवढं एका पानावर असलं की त्या नाट्यगृहापुरता प्रश्न मिटला.

मंगल कार्यालयांचंही तसंच. भिंतीवर फ्लॅश उडवण्याआधी भिंतीचा रंग बघ. पोपटी भिंतीवरून आलेला उजेड हळदीच्या अंगाला आजारी करतो, आणि नंतर संगणकावर हिरवा काढायला गेलीस की हळदच जाते.

पावसाळा. जून ते सप्टेंबर लेन्स चामड्याच्या पिशवीत कपाटात ठेवलीस तर आत बुरशीची जाळी धरते आणि काचेवरचा लेप खाते. हवाबंद डबा घे, आत आर्द्रतामापक ठेव, अगदी स्वस्तातला नको, जरा बरा घे, काटा ४० ते ५० टक्क्यांत राहायला हवा. निळा सिलिका जेल गुलाबी झाला की ओलावला. मंद आचेवर परतून पुन्हा निळा कर. तांदूळ घालू नकोस, त्याची पूड लेन्सच्या कड्यात जाते. जेल कधी परतला तेही वहीत.

राहिला नोकरीचा प्रश्न. हिंजवडीची नोकरी तुला नकोशी झाली आहे, आणि नकोशी झालेली नोकरी सोडायला फोटोग्राफी हे कारण म्हणून वापरू नकोस. जुन्या काळचे छायाचित्रकार लाला दीनदयाळ रुडकीला इंजिनिअरिंग शिकले, इंदूरला बांधकाम खात्यात नोकरीला लागले, १८७४ च्या सुमारास त्यांनी कॅमेरा हातात घेतला. नोकरी सुटली ती त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, आणि मग ते निजामाचे छायाचित्रकार झाले. तू वहीच्या मागच्या पानापासून उलटा हिशेब सुरू कर. काम कुणाचं, किती दिवसांचं, ठरले किती, आले किती, कधी आले. प्रवास, भाड्याचे दिवे, मदतनीस, आणि संगणकापुढे बसलेले तास. ते तास कुणी धरत नाही, म्हणून दिवसाला आठ हजार मिळाल्यासारखे वाटतात आणि तीन दिवस एडिटिंगचे धरले की दोन हजारांवर येतात. असं सलग वर्षभर लिही. मग मला विचारायची गरज उरणार नाही.

आणि काम घेण्याआधी दोन ओळींचा का होईना, कागद कर. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, पैसे घेऊन दुसऱ्याच्या सांगण्यावरून काढलेल्या फोटोचा पहिला मालक सांगणारा असतो, वेगळा करार नसेल तर. फोटो मी काढला म्हणजे माझा, ही आपल्या लोकांची आवडती समजूत आहे, आणि ती महागात पडते. कशासाठी, किती काळ, नाव छापणार की नाही, हे लिहून सही घे. समोरचा ओळखीचा असेल तर नक्कीच घे.

कोर्स करू का, हेही विचारलं होतंस. कर की. पण लॉ कॉलेज रोडवरच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये सिनेमॅटोग्राफी, म्हणजे चित्रपटाचं छायाचित्रण शिकवतात, हातात स्थिर फोटोचा धंदा देणारं ते ठिकाण नव्हे; आधी काय हवं ते ठरव. मी कुठे शिकलो नाही याचा मला अभिमान आहे असं लोकांना वाटतं. तसं काही नाही. दोन वर्षांत कळलं असतं ते कळायला मला दहा लागली, आणि ती दहा वर्षं फुकट गेली असं मात्र मी अजूनही म्हणणार नाही. मला सोयीचं पडतं म्हणून म्हणत असेन कदाचित.

रविवारी सकाळी दहाला ये. पेनड्राइव्ह नको. छत्तीस फोटोंपैकी तुला वाटतील ते चार प्रिंट आणि वही.

तुझा,
काका

ता. क. तुझ्या त्या उपाहारगृहाच्या फोटोत भिंतीवरचं घड्याळ पावणेपाच दाखवतंय, टेबलांवर उन्हाच्या लांब तिरीपा आहेत, आणि फाइल म्हणते सकाळचे सव्वाअकरा. नेमका साडेपाच तासांचा फरक. तुझा कॅमेरा लंडनच्या हिवाळी वेळेवर चालतोय. आधी तेवढं दुरुस्त कर, आणि कुठल्या तारखेला केलंस ते लिहून ठेव, म्हणजे त्याआधीच्या सगळ्या फोटोंत साडेपाच तास मिळवता येतील.