परभणीहून अंदमानला जाऊन किनाऱ्याजवळच्या मासेमारीची बोट ठरवायची असेल, तर आधी काय काय विचारून घ्यावे?

आपल्या प्रश्नाचा आशय मी असा समजलो : सहा जणांना मे महिन्याच्या सुट्टीत स्वराज द्वीपला, म्हणजे पूर्वीच्या हॅवलॉकला जायचे आहे, त्यात सत्तरीला टेकलेले एक काका आहेत, दोन शाळकरी मुले आहेत आणि दोघे माळकरी आहेत, तिथे माहीतगार माणसासह बोट भाड्याने घेऊन गळाने मासेमारी करायची आहे, आणि ती बोट कोणाकडून, कशी आणि किती आधी ठरवावी, घरचे रॉड न्यावेत का, हे आपल्याला कळत नाही. मी नांदेडचा, जलसंपदा खात्यातून निवृत्त झालेला आणि विष्णुपुरी धरणाच्या काठावर गळ टाकण्यात सुट्ट्या घालवलेला माणूस आहे. अंदमानात स्वतःसाठी आणि नातेवाइकांसाठी अशा बोटी ठरवल्या आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

सर्वांत आधी मे महिना रद्द करावा. मराठवाड्यात अंदमानचे नाव वर्षातून एकदा आवर्जून निघते ते ‘मान्सून अंदमानात दाखल’ या मे महिन्यातल्या बातमीमुळे. आपण ती पेरणीच्या आशेने वाचतो. तिथल्या लहान बोटवाल्याला मात्र त्याच बातमीने बोट वर ओढून ठेवावी लागते. शिवाय पूर्व किनारा आणि अंदमान-निकोबार येथे १५ एप्रिल ते १४ जून असे ६१ दिवस माशांच्या विणीच्या काळामुळे यांत्रिक बोटींच्या मासेमारीवर बंदी असते. (आपल्या कोकणात हीच बंदी १ जून ते ३१ जुलै अशी असते, त्यामुळे मालवणचा अनुभव असलेल्या मित्राने मे महिना चालतो असे सांगितले असेल, तर त्याचा हिशेब त्या किनाऱ्यापुरता बरोबर आहे.) या काळात कोणी ‘आमची बोट पर्यटकांची आहे, आम्हाला बंदी लागू होत नाही’ असे सांगून आगाऊ रक्कम मागू लागला, तर आधी लेखी परवानगी दाखवा, असे स्पष्ट म्हणावे.

दिवाळीच्या सुट्टीबद्दलही माझे मत फारसे अनुकूल नाही, कारण ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात बंगालच्या उपसागरात कमी दाबाचे पट्टे तयार होत राहतात आणि ऐन वेळी लहान बोटींना बंदरातून सोडत नाहीत. नाताळचा आठवडा गर्दीचा आणि महागाचा. राहिले मध्य जानेवारी ते मार्च. घरची शेती असेल तर तूर घरात आलेली असते, हरभरा काढणीला यायचा असतो आणि मुलांच्या वार्षिक परीक्षा अजून दूर असतात. २६ जानेवारीच्या आसपास शाळेतून चार दिवस मागून घेतले, तर ते मुलांच्या बाबतीत फार मोठे नुकसान ठरेल असे मला वाटत नाही. या हंगामासाठी बोटवाल्याशी बोलणे डिसेंबरच्या सुरुवातीलाच झालेले बरे.

आता कोणत्या प्रकारची सफर घ्यावी हे पाहू. अंदमानातल्या मासेमारीच्या ज्या चित्रफिती पाहिल्याचे आपण लिहिले आहे, त्यांतला तो रुंद कपाळाचा, रुपेरी मासा म्हणजे जायंट ट्रेव्हली. मासेमारीवाले त्याला नुसते ‘जीटी’ म्हणतात. त्याच्यासाठी दिवसभराची सफर करून लांबच्या खडकांवर जातात आणि पॉपर नावाचे जड लाकडी किंवा प्लॅस्टिकचे खोटे आमिष पुन्हा पुन्हा लांब फेकून झटक्यांनी ओढत राहतात. तासाभरात खांदे भरून येतात. काका आणि मुले सोबत असताना हा प्रकार घेऊ नये, असे मी ठामपणे सांगेन. आपल्यासाठी किनाऱ्याजवळची, जमीन डोळ्यांसमोर राहील इतक्या अंतरावरची, सकाळची चार तासांची सफर योग्य आहे. तीत दोन पद्धती असतात. एक ट्रोलिंग, म्हणजे बोट संथ चालवत मागे खोटे आमिष ओढत नेणे. यात सुरमई, बॅराकुडा, लहान ट्यूना लागतात. दुसरी तळाची मासेमारी, म्हणजे बोट थांबवून शिसे बांधलेला गळ खऱ्या आमिषासह खडकाजवळ तळाशी सोडणे. यात तांबोशी, गोबरा असे मासे येतात आणि लहान मुलालाही दोरा हातात धरून बसता येते.

इथे आपल्या हाताच्या एका सवयीबद्दल सांगितले पाहिजे. धरणावर मरळ लागली की आपण झटका देऊन तिला काठावर भिरकावतो. समुद्रातल्या बऱ्याच बोटींवर तळासाठी सर्कल हुक वापरतात, म्हणजे टोक आतल्या बाजूला वळलेला गोलसर गळ. त्याला झटका दिला की तो माशाच्या तोंडातून तसाच निसटून बाहेर येतो. नुसता ताण येऊ दिला आणि सावकाश रीळ फिरवले, तर तो आपोआप जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. ट्रोलिंगमध्ये मासा लागतो तेव्हा रीळ करकरत सुटते आणि दोरा सरसर बाहेर जाऊ लागतो. तेव्हा घाबरून रीळ घट्ट आवळायचे नसते, कारण ठरावीक ताणाला दोरा सुटावा अशीच रिळातल्या ड्रॅगची, म्हणजे ताण सांभाळणाऱ्या भागाची, रचना असते. माशाचा जोर ओसरला की रॉड हळूहळू वर उचलायचा आणि खाली आणताना तेवढाच दोरा गुंडाळून घ्यायचा. विणलेला दोरा उघड्या बोटांनी कधीही धरू नये, तो कातडी कापतो. हातमोजे बोटीवर असतात का, हेही विचारून घ्यावे.

बोट कोणाकडून घ्यावी? हॉटेलच्या काउंटरवरून ठरवणे सोपे पडते, पण तिथे आपल्याशी बोलणारा आणि समुद्रात सुकाणू धरणारा हे दोन वेगळे लोक असतात आणि मधल्या माणसाने दिलेली आश्वासने बोटीपर्यंत पोहोचतातच असे नाही. म्हणून हॉटेलवाल्याकडून किंवा डायव्हिंगच्या दुकानातून नाव घ्यावे, मात्र व्यवहार ठरवण्याआधी स्वतः बोटवाल्याशी फोनवर बोलावे. हिंदी तिथे सर्वत्र चालते. मी पहिला प्रश्न नेहमी भाड्याचा न विचारता हवेचा विचारतो : सकाळी वारा सुटला तर काय? एका बोटवाल्याने मला क्षणभरही न थांबता उत्तर दिले, “मैं नहीं निकलूँगा साहब। तारीख आगे करो, या पैसा वापस लो।” दुसरा म्हणाला, “कुछ नहीं होता, चलेंगे।” पहिल्याचे भाडे जास्त होते आणि मी त्याचीच बोट घेतली.

भाडे साधारणपणे डोईमागे नसून बोटीमागे असते, त्यामुळे ‘आम्ही सहा आहोत’ हे सुरुवातीलाच सांगावे. बोट किती प्रवाशांसाठी नोंदलेली आहे आणि एका वेळी किती रॉड चालतात, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. सहा जण बसतील, पण रॉड तीनच असतील, तर पाळ्या लावाव्या लागतील. भाड्यात इंधन, आमिष, साहित्य, पिण्याचे पाणी आणि जेट्टीपर्यंतची ने-आण धरली आहे का, ते विचारावे. खडकात अडकून आमिष तुटले तर त्याचे पैसे कोणी द्यायचे, हा प्रश्न किरकोळ वाटतो, परंतु परतल्यावर वाद होतो तो याच गोष्टीवरून. चांगली खोटी आमिषे स्वस्त नसतात. बोटीचा ताजा फोटो मागवून छत आहे का, इंजिन एक आहे की दोन, हे पाहावे. लहान बोटींवर स्वच्छतागृह नसते, ही गोष्ट कोणी आपणहून सांगत नाही, आणि सोबत महिला किंवा ज्येष्ठ असतील तर चार तासांचीच सफर घेण्याचे तेही एक कारण आहे. सगळे ठरल्यावर तारीख, वेळ, भाडे, त्यात काय काय धरले आहे आणि हवा बिघडल्यास पैशांचे काय, हे पाच-सहा ओळींत व्हॉट्सॲपवर लिहून त्याच्याकडून ‘हो’ घ्यावे आणि मगच आगाऊ रक्कम पाठवावी. उरलेली रक्कम रोख बरोबर ठेवावी.

तारीख ठरवताना मासेमारी मुक्कामाच्या दुसऱ्या दिवशी ठेवावी आणि तिसरा दिवस मोकळा सोडावा, म्हणजे हवेने दगा दिला तरी एक दिवस हाताशी राहतो. श्रीविजयपुरम, म्हणजे पूर्वीच्या पोर्ट ब्लेअरहून स्वराज द्वीपला सहसा प्रवासी बोटीनेच जावे लागते आणि खवळलेल्या समुद्रात त्याही बोटी रद्द होतात, त्यामुळे मासेमारी आणि परतीचे विमान एकाच दिवशी ठेवू नये. लाटांचा आणि वाऱ्याचा अंदाज हैदराबादच्या इन्कॉइस या सरकारी संस्थेच्या संकेतस्थळावर मिळतो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात खडकांजवळ प्रवाह जोरात असतो आणि तळाला शिसे टिकत नाही. अष्टमीच्या आसपास पाणी शांत असते, म्हणून नवख्यांसाठी मी ते दिवस निवडतो. कॅलेंडर उघडलेलेच आहे तर एकादशी आणि कोणाचा शनिवार आहे तेही पाहून घ्यावे.

निघण्याची वेळ पहाटे साडेपाचची सांगितली तर नवल वाटू देऊ नये. घड्याळ आपलेच असले, तरी ही बेटे इतकी पूर्वेला आहेत की परभणीपेक्षा तासाभराहून आधी तिथे उजाडते आणि जानेवारीत सव्वापाचच्या सुमारास सूर्य मावळलेला असतो.

कोणत्या पाण्यात गळ टाकता येत नाही, याची माहिती बोटवाल्याला असते. तरी आपल्यालाही असावी. स्वराज द्वीपाच्या शेजारच्या काही बेटांभोवती राणी झाँसी सागरी राष्ट्रीय उद्यान आहे आणि दक्षिण अंदमानात वंडूरजवळ महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यान आहे. तिथे मासेमारीला मनाई आहे. ‘तिकडे मासे जास्त आहेत, कोणी पाहत नाही’ असे म्हणणाऱ्याबरोबर जाऊ नये. नॉर्थ सेंटिनेल बेटाच्या भोवतीचे पाच सागरी मैलही पूर्णपणे वर्ज्य आहेत. देवमुशी, म्हणजे व्हेल शार्क, आणि समुद्री कासव यांना वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. प्रवाळाचा तुकडा पिशवीत घालून आणणे हासुद्धा गुन्हा आहे, हे मुलांना आधीच सांगून ठेवावे.

काकांच्या बाबतीत आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारावे. बोट लागू नये म्हणून घेण्याची गोळी निघण्यापूर्वी तासभर तरी घ्यावी लागते, मळमळ सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही. तिने गुंगी येते आणि रक्तदाबाची किंवा इतर औषधे चालू असतील तर ती परस्पर घेणे बरोबर नाही. पहाटे पोट रिकामेही नको आणि तेलकटही नको. बसण्यासाठी मागची, मधली जागा घ्यावी, कारण बोटीच्या पुढच्या टोकाला आपटणे जास्त असते, आणि नजर मोबाइलवर न ठेवता क्षितिजावर ठेवावी. लाइफ जॅकेट मुलांच्या मापाचे आहे का, हे फोनवरच विचारावे आणि ते बाकावर ठेवण्यासाठी नसून अंगात घालण्यासाठी आहे, यावर ठाम राहावे. विहिरीत आणि कालव्यात पोहणाऱ्या आपल्याकडच्या लोकांना त्याचा कमीपणा वाटतो, पण प्रवाहात पडलेल्या माणसाचे पोहणे बोट वळून येईपर्यंत पुरेल याची खात्री नसते. किनारा सोडल्यावर मोबाइलला रेंज मिळेलच असे नाही, म्हणून बोटीवर व्हीएचएफ रेडिओ, म्हणजे बिनतारी संच असावा. तटरक्षक दलाचा बचावकार्यासाठीचा क्रमांक १५५४ हा आहे.

मासेमारीच्या सफरीत माळकऱ्यांनी काय करावे, हा प्रश्न आपण संकोचाने मांडला आहे, परंतु तो बोटवाल्याला मोकळेपणाने सांगावा. अंदमानात खेळ म्हणून मासेमारी करणाऱ्या अनेक बोटींवर मासा पकडून, गळ काढून, पुन्हा पाण्यात सोडण्याचीच पद्धत आहे. जीटीसारखे मोठे मासे तर सोडलेच जातात. ज्यांना गळाला हातही लावायचा नाही, त्यांनी त्या सकाळी राधानगर किनाऱ्यावर जावे, बोटीत बसून अवघडून घेण्यात अर्थ नाही. खाणाऱ्यांसाठी एखादी सुरमई ठेवता येईल का, हेही आधी ठरवावे आणि हॉटेल ती शिजवून देते का ते विचारावे. मोठा बॅराकुडा मात्र खाऊ नये. खडकांवरच्या मोठ्या शिकारी माशांत सिग्वाटेरा नावाचे विष साठलेले असू शकते आणि ते कितीही शिजवले तरी जात नाही.

शेवटी घरच्या रॉडबद्दल. रोहू-कटल्यासाठी वापरतो ते रॉड आणि रिळा तिथे नेऊ नयेत. खाऱ्या पाण्याने साध्या रिळा गंजतात आणि बोटीवरचे साहित्य तिथल्या माशांच्या मानाने निवडलेले असते. एखादा आवडता रॉड न्यायचाच असेल, तर तो नळीत घालून चेक-इन सामानात द्यावा आणि गळ, शिसे, चाकू यांपैकी काहीही विमानात हातातल्या पिशवीत ठेवू नये. त्याऐवजी पूर्ण बाह्यांचे सुती शर्ट, दोरी असलेली टोपी आणि पोलराइज्ड गॉगल हे सामान न्यावे.