वाचकांचे प्रश्न : श्रीलंकेच्या कर्जाचा दोष कोणाच्या माथी?

प्रश्न : श्रीलंकेने एप्रिल २०२२ मध्ये परकीय कर्जाची परतफेड थांबवली. कुणी चीनकडे बोट दाखवतं, कुणी कोविडकडे, कुणी राजपक्षे कुटुंबाकडे. खरा जबाबदार कोण?

उत्तर : कोविडने पर्यटन बसलं हे खरंच. पण तिजोरीला भोक त्याआधीच पडलं होतं. २०१९ च्या अखेरीस सत्तेवर येताच गोटाबया राजपक्षे सरकारने मूल्यवर्धित कर १५ वरून ८ टक्क्यांवर आणला. त्याहून घातक गोष्ट म्हणजे कर-नोंदणीची मर्यादा वर्षाला १ कोटी २० लाख श्रीलंकन रुपयांच्या उलाढालीवरून थेट ३० कोटींवर नेली, त्यामुळे असंख्य व्यवसाय करजाळ्यातूनच बाहेर पडले. दर पुन्हा वाढवता येतो, पण नोंदणीतून सुटलेला करदाता परत आणायला वर्षं लागतात. महसूल घसरला, कर्ज फेडण्याची क्षमता जोखणाऱ्या पतमानांकन संस्थांनी २०२० मध्ये देशाचा दर्जा खाली आणला आणि नवे डॉलर-रोखे (परदेशी गुंतवणूकदारांकडून डॉलरमध्ये घेतलेलं कर्ज) विकून जुने फेडण्याचा मार्ग बंद झाला.

कर्ज हाताबाहेर गेलं ते इथे, आणि यापुढचे निर्णय आमच्या मते सर्वांत दोषास्पद आहेत. रोखेबाजार बंद झाल्यावर कर्जाची फेररचना, म्हणजे परतफेडीच्या अटी नव्याने ठरवणं, मागायची असते. ती न मागता हप्ते परकीय चलनाच्या गंगाजळीतून भरले गेले. २०१९ च्या अखेरीस सुमारे साडेसात अब्ज डॉलर असलेली गंगाजळी दोन वर्षांत तीन अब्जांच्या आसपास आली, आणि त्यातलाही मोठा भाग चीनबरोबरच्या चलन-अदलाबदलीतून आलेल्या युआनचा, म्हणजे सहज वापरता न येणारा. तरीही जानेवारी २०२२ मध्ये ५० कोटी डॉलरचे रोखे फेडले गेले. दुसरीकडे डॉलरचा भाव मार्च २०२२ पर्यंत २०० रुपयांच्या आसपास रोखून धरला होता. काळ्या बाजारात जास्त भाव मिळत असताना परदेशातला कामगार बँकेतून पैसे कशाला पाठवील? ती आवकही आटली. मग इंधन आणि औषधं आणायला डॉलर उरले नाहीत.

नोव्हेंबर २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने निकाल दिला : तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष गोटाबया, पंतप्रधान महिंदा आणि अर्थमंत्री बासिल हे राजपक्षे बंधू, तसेच मध्यवर्ती बँकेचे माजी गव्हर्नर आणि अर्थखात्यातले वरिष्ठ अधिकारी यांनी जनतेच्या विश्वासाचा भंग केला. निकालात नोकरशहांचीही नावं आहेत, हे महत्त्वाचं. सल्ला देणारा आणि सही करणारा, दोघेही जबाबदार. शिक्षा मात्र नाही. याचिकाकर्त्यांना दीड लाख रुपये खर्च मिळाला, एवढंच.

प्रश्न : मग चीनने कर्ज देऊन श्रीलंकेला सापळ्यात अडकवलं, ही नुसती अफवा?

उत्तर : चीनचा वाटा परकीय सरकारी कर्जाच्या साधारण पाचव्या हिश्श्याइतका होता. आंतरराष्ट्रीय डॉलर-रोख्यांचा वाटा त्याहून बराच मोठा, एक तृतीयांशाच्या वर. हे रोखे खरेदी करणाऱ्यांना जास्त व्याज मिळत होतं ते जोखमीपोटीच. म्हणून तोटा झाला तर त्यातला भाग त्यांनी सोसणं रास्त आहे. डिसेंबर २०२४ च्या फेररचनेत त्यांनी मुद्दलात २७ टक्के कपात मान्य केली. पण ठरावीक परिस्थितीत अर्थव्यवस्था अपेक्षेपेक्षा जास्त वाढली, तर त्यांना मिळणारी रक्कमही वाढेल अशी तरतूद त्यात आहे.

प्रश्न : करकपातीला मत देणारी जनता दोषी नाही का?

उत्तर : मतदाराला गंगाजळीचा आकडा दिसत नव्हता, अधिकाऱ्यांना दिसत होता. त्यामुळे दोन्ही दोष एका तराजूत तोलता येत नाहीत. भार मात्र उलटाच वाटला गेला. २०२३ च्या देशांतर्गत फेररचनेत बँकांना वगळून प्रामुख्याने निवृत्तिवेतन निधींना हात लावला. कर्मचारी भविष्यनिर्वाह निधीला जुने रोखे बदलून २०२५ पर्यंत १२ आणि पुढे ९ टक्क्यांचे रोखे घ्यावे लागले. नकार दिला असता तर निधीच्या रोख्यांवरील उत्पन्नावर १४ ऐवजी ३० टक्के कर लागला असता. जानेवारी २०२४ पासून मूल्यवर्धित कर १८ टक्के झाला. म्हणजे कपातीआधीच्या दरापेक्षाही तीन टक्के जास्त, आणि तो दुकानातून वस्तू घेणाऱ्या प्रत्येकाला भरावा लागतो.